हॉर्न अडकणारी गाडी

राळेगाव तालुक्यात आजही कुणी ती गाडी विकायला काढली, तर घेणारा आधी बॉनेट उघडत नाही की टायर बघत नाही. दार उघडतो आणि हॉर्न दाबतो. दाबतो, सोडतो, कान देतो, मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. "अडकत तं नाई ना वो?" कंपनीनं ती गाडी बंद करून दोन वर्षं होऊन गेली, पण हा प्रश्न काही बंद झाला नाही. हा प्रश्न पहिल्यांदा जन्माला घातला तो मी.

मी तेव्हा यवतमाळच्या एका शोरूममध्ये गाड्या विकायचे. ती गाडी बाजारात आली आणि लोक वेडे झाले. तोवर आमच्या भागात गाड्यांच्या दोनच जाती होत्या. एक, नांगरलेल्या वावरातून जाणाऱ्या जीपगाड्या, आणि दुसऱ्या, गावच्या पुलावर पोट घासणाऱ्या लहान गाड्या. ही मधलीच निघाली. उंच, पण आखूड. पांदणीच्या चिखलात फसायची नाही आणि यवतमाळच्या कापडलाइनीच्या गर्दीत सहज वळायची. समोरून चेहरा असा रागीट की मला ती पहिल्याच दिवशी आवडली. माझ्या रागामुळे दोन स्थळं चहा न पिता परत गेली होती, तेव्हा आमचं जमणारच होतं.

पहिल्या दसऱ्याला पांढऱ्या रंगाची एकच गाडी आली आणि मॅनेजरनं ती दोघांना कबूल करून ठेवलेली. एक कापसाचा जिनिंगवाला, दुसरा पुसदकडचा ठेकेदार. दोघंही बायको, पोरं, पेढे घेऊन हजर. चाकाखाली लिंबं ठेवली होती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. स्वस्तिक कुणाच्या नावानं यावरून बोलाचाली झाली आणि जिनिंगवाल्यानं ठेकेदाराचं नाक फोडलं. रक्त बॉनेटवर उडालं. ठेकेदारानं त्याची मान धरून आरशावर आपटली, आरसा तुटला. बायका किंचाळू लागल्या, मॅनेजर केबिनमध्ये जाऊन बसला. मी पूजेचा नारळ उचलला आणि खाली लोळणाऱ्या दोघांत जो वर होता त्याच्या पाठीत हाणला. तो ठेकेदार होता हे मला नंतर कळलं. गाडी शेवटी त्यानंच नेली, फुटलेल्या नाकानं पेढे वाटत. जाताना मला म्हणाला, "ताई, नारळ फुटला काय? फुटला असंन तं शुभ हाय."

असे ते दिवस होते. लोक गाडीसाठी रांगेत उभे राहत आणि रांग मोडली तर मारामारी करत. मला त्या दिवसांचा माज चढला होता, खोटं कशाला बोलू.

त्याच माजात मी एक गाडी आमच्या घरात आणली. बाबांना नको होती. बाबांचं सगळं चित्त बैलांत. आमच्या गावात पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घराची जाते. आजोबांच्या आजोबांपासूनचा हा मान. पण बाबांचे गुडघे गेले होते, मुलगा नव्हता, आणि मी यवतमाळला गाड्या विकत बसलेली. बैलांना पाणी दाखवायलाही माणूस मिळेना. उन्हाळ्यात त्यांनी जोडी माझ्या चुलतभावाला विकली. एक तांबडा, एक पांढरा. गोठा शेजारच्याच आळीत, त्यामुळे बाबा रोज संध्याकाळी काठी टेकत तिकडे जायचे आणि तांबड्याच्या गळ्याखालची पोळी खाजवून यायचे. आमच्या रिकाम्या गोठ्यात मी गाडी लावली.

मग पोळा जवळ आला आणि गावात प्रश्न उठला. मान घराचा की जोडीचा? चुलतभाऊ म्हणाला, "जोडी माह्या गोठ्यात हाय. मान जोडीसंग येते. बिनबैलाचा मान असते काय कुठं?" माणूस वाईट नव्हता, पण गर्व त्यालाही कमी नव्हता. आम्ही एकाच रक्ताचे. बाबा जेवताना घास हातात धरून बसायचे. त्यांच्याकडे उरलेलं ते एकच होतं, तोरणाखालून पहिलं जाणं, आणि तेही हातातून सुटताना मी बघत होते. मला ते सहन झालं नाही.

मी म्हटलं, "बाबा, बैल नसले तर काय झालं? गाडी आहे. गाडी पण वाहनच. तुम्ही कासरा घेऊन पुढे चाला, मी मागून गाडी आणते. मान घराचा आहे, घराला जे ओढतं ते पुढे जाईल."

"अवं माय, तोरणाखालून गाडी?" बाबा म्हणाले. "लोक हासतीन."

"हसू द्या. हसतील आणि मागं मागं येतील."

आता कळतं, अशी चूक आमच्याकडचीच माणसं करू शकतात. शहरातल्या माणसाला तोरणाचं काही वाटत नाही आणि खऱ्या शेतकऱ्याला गाडीचं. मी मधली होते, त्या गाडीसारखीच. शिवाय खरं सांगायचं तर तोरणाखालच्या गाडीचा फोटो मला शोरूममध्ये लावायचा होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. तूप-हळद चोळतात आणि कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबा चुलतभावाच्या गोठ्यात जाऊन खांदे मळून आले. त्यांना कुणी अडवलं नाही. हाताला हळद तशीच ठेवून ते झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशा मारुतीच्या पारासमोर जोड्या जमल्या. शिंगांना बेगड, टोकांना पितळी शेंब्या, पाठीवर झुली. मी गाडीच्या बॉनेटवर आमची जुनी झूल टाकली होती, दोन्ही आरशांना बाशिंगं बांधली होती. बाबा पुढे, खांद्यावर फुलं गुंडाळलेला कासरा. मी स्टिअरिंगवर. काही लोक हसले, काहींनी टाळ्याही वाजवल्या. तोरण वीस पावलांवर राहिलं असेल, तेव्हा चुलतभावानं जोडी आडवी घातली. डावीकडे मारुतीचा दगडी पार, उजवीकडे त्याचे बैल, मध्ये आमची गाडी.

"मोठेबाबा, बाजूले व्हा! पोळा बैलाचा असते, डब्याचा नाई!" तो बाबांवर ओरडला.

बाबा हललेच नाहीत. चुलतभावाची माणसं गाडीवर आली. एकानं बॉनेटवर काठी घातली, दुसऱ्यानं झूल ओढून पायाखाली टाकली. ती झूल माझ्या आजीनं शिवलेली होती. मी काच खाली करून शिवी दिली, कोणती ते लिहीत नाही. उत्तरादाखल दगड आला. समोरची काच फुटली आणि तिचे तुकडे माझ्या मांडीवर सांडले. कपाळातून रक्त डोळ्यात आलं.

मी हॉर्न दाबला. गाडीला मी वरून बसवलेला दुहेरी हॉर्न होता, ट्रकवाले बसवतात तसला. तळहात टेकवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. बाबांनी दचकून मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात काढला नाही.

तांबडा उधळला. चुलतभावाच्या हातातला कासरा सटकला, हाताची साल घेऊन गेला. बैल एकदा गरकन फिरला आणि सरळ बाबांवर आला. बाबांना त्यानं गाडीच्या तोंडाशी दाबलं. पितळी शेंबी बाबांच्या मांडीत शिरली आणि वर फाटत गेली. बाबांनी दोन्ही हातांनी त्याची मान धरली होती. ढकलत नव्हते, धरली होती. बैलाचा पुढचा पाय गाडी आणि पार यांच्या फटीत गेला, आणि तो पाय मोडल्याचा आवाज मला हॉर्नमधूनही ऐकू आला. तेव्हा मी हात काढला.

त्यानंतर नुसती कापाकापी झाली म्हणा. काठ्या, दगड, बैलगाड्यांच्या उभारीचे दांडे. बाकीच्या जोड्या बायकापोरांतून उधळल्या. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचे दात पडले. मी दार उघडून उतरले आणि समोर जो आला त्याला गाडीचा पाना मारला. कुणाला मारला ते आजही माहीत नाही. तांबडा पाराशी पडून होता, तोंडाला फेस, शिंगांना बेगड तशीच. जनावरांचा डॉक्टर आला, पाय बघून मान हलवली आणि सुई दिली. चुलतभाऊ त्याच्या मानेवर पडून रडत होता. पुरणपोळी कुणी कुणाला भरवली नाही.

बाबा यवतमाळच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य बोलले, "तो मले माराले नाई आलता. भेला की तो माह्याच आंगावर येये, वासरू होता तवापासून."

मी म्हटलं, "तुम्ही बोलू नका." मला ऐकवत नव्हतं.

चौथ्या दिवशी पारावर पंचांची बैठक बसली. दगडांवरचं रक्त धुतलं होतं. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, हॉर्न कुणी वाजवला आणि का. पोळ्याच्या गर्दीत मुद्दाम हॉर्न वाजवणं म्हणजे जोड्या मारणंच. तसं ठरलं असतं तर आमच्या घराचा मान कायमचा गेला असता. बाबा दवाखान्यात खाटेवर होते. मला त्यांच्या हातातलं ते एक वाचवायचं होतं.

"हॉर्न अडकला होता," मी म्हणाले. "दगडानं काच फुटली, तुकडा बटनात गेला. या मॉडेलला तो दोष आहे."

चुलतभाऊ उठून ओरडला, "खोटं बोलून राह्यली हे! हिनंच दाबला!"

"बस रे," एक म्हातारा म्हणाला. "पोरगी शोरूमात हाय. तिले गाडीतलं समजंन का तुले?"

निकाल लागला. दोष मशिनीचा. मान घराचाच. काच फोडली, देवाच्या दारी दंगा केला म्हणून चुलतभावानं माझी माफी मागावी. त्यानं मागितली. बैल मेला होता त्याचा, आणि त्या सोललेल्या हातांनी त्यानं माझ्यापुढे हात जोडले. मी मान हलवली. मला तेव्हा, लाज वाटते सांगायला, जिंकल्यासारखं वाटलं.

बैठकीतलं ते वाक्य मात्र पारावर थांबलं नाही. बैलबाजारात गेलं, एसटीत बसलं, राळेगावहून यवतमाळला माझ्याच टेबलासमोर येऊन उभं राहिलं. "म्याडम, त्या गाडीचा हॉर्न अडकते म्हंते. बुढा मेला म्हंते एक." बाबा मेले नव्हते, पण बातमीनं त्यांना मारून टाकलं होतं. मी हसून म्हणायचे, "अफवा आहे हो." आतून अंगाचा भडका उडायचा. एकदा एकानं शोरूममधल्या नव्या गाडीचा हॉर्न चहा संपेपर्यंत दाबून धरला, बघायला. मी त्याचा हात मनगटात धरून असा पिरगाळला की तो खाली बसला. मॅनेजरनं मला महिनाभर आतल्या खोलीत कागदपत्रांवर बसवलं.

आमच्या तालुक्याची बुकिंगं एकामागून एक रद्द झाली. नागपूरहून कंपनीचा इंजिनीअर आला. त्यानं शोरूमच्या अंगणात दिवसभर हॉर्न वाजवला, सगळा रस्ता शिव्या देत होता. दोष नाही, असं त्यानं लिहून दिलं. लोक म्हणाले, "लिहिनच तो, कंपनीचं खाते." मी बाजूला उभी होते. पुढच्या वर्षी गाडीचं नवं रूप आलं. पुढची जाळी बदलली, दिवे बदलले आणि स्टिअरिंगही. बटन दुसऱ्या जागी गेलं. झालं! लोक म्हणाले, "पाह्य, कबूल केलं का नाई?" मग सूट आली, मग फुकट विमा, मग फुकट सीटकव्हर. बाकी देशात तिला दुसऱ्या कंपन्यांच्या नव्या गाड्यांनी मारली असेल. आमच्या तालुक्यात तिला मी मारली.

पण माझा खरा राग वेगळाच होता. दुसऱ्या वर्षीच्या पोळ्याला बाबा लंगडत उठले, फुलांचा कासरा घेतला आणि चुलतभावाच्या दारात जाऊन त्याच्या हातात दिला. म्हणाले, "आजपासून मान तुह्या घराचा." कुणी मागितला नव्हता. पंचांनी दिलेला होता. मी घर डोक्यावर घेतलं.

"मी कुणासाठी केलं सगळं? कुणासाठी?"

बाबा म्हणाले, "मले झेपत नाई आता."

तेवढंच. मी गोठ्यात गेले आणि काठीनं गाडीचा डावा दिवा फोडला. मग दार ठोकलं, मग छत, हात सुजेपर्यंत. काच आम्ही बदलली होती, पण तो दिवा पुढे कधी मिळालाच नाही. नव्या रूपाचे दिवे बसेनात, मग मॉडेलच बंद झालं. बाबा त्या गाडीत नंतर एकदाही बसले नाहीत. तपासणीला यवतमाळला जायचे तेही बसनं, फाटलेली मांडी ओढत.

त्या बैठकीला आता सात वर्षं झाली. या सात वर्षांत चुलतभाऊ माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बाबांशी बोलायचा. त्यानं पांढऱ्याला दुसरा जोडीदार आणला, आणि दर पोळ्याला त्याची जोडी पहिली जायची. मी त्या दिवशी यवतमाळलाच राहायचे.

या वर्षी राहिले नाही, कारण गाडी विकायची होती. खांदमळणीच्या दिवशी दुपारी चार वाजता चुलतभाऊ अंगणात आला. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं, बसची पायरी तिला चढवत नाही. ही गाडी बाजारात कुणी विचारत नाही, म्हणून त्याच्या आवाक्यातली. त्यानं एका डोळ्याची ती गाडी चारी बाजूंनी पाहिली, दार उघडलं आणि हॉर्न दाबला. सोडला. पुन्हा दाबला. बाबा बाजेवर बसले होते, त्यांच्या मांडीवरचा हात एकदम घट्ट झाला.

"मोठेबाबा," त्यानं बाबांना विचारलं, माझ्याकडे न बघता, "आता तं अडकत नाई. पण माय बसंन याच्यात. खरं सांगा, अडकते काय हा?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"नाही अडकत," मी म्हणाले. "कधीच अडकला नव्हता. मी दाबला होता."

त्यानं दोन पावलं टाकली आणि माझ्या तोंडात मारली. मी गाडीच्या दारावर आदळले, ओठ फुटला. आयुष्यात माझ्यावर हात उगारणाऱ्या कुणालाही मी सुटू दिलेलं नाही. त्या दिवशी माझे हात वरच आले नाहीत.

"पुरे," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एक मारली, पुरे. मले माहीत होतं."

चुलतभाऊ वळला. "काय माहीत होतं?"

"मी समोरच होतो ना रे. वळून पाह्यलं, तं काच फुटेल होती. तिचा हात दिसत होता. सारं आंग टाकून दाबत होती." बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हनून तं कासरा तुले देल्ला. खोट्यावरचा मान घेऊन पांढऱ्यापुढं कोन्या तोंडानं चालू?"

"मले सांगतलं काहून नाई?" त्याचा आवाज फाटला. "म्या हात जोडले हिच्यापुढं!"

"पोरगी हाय माही," बाबा म्हणाले.

चुलतभावानं माझ्या हातातून किल्ली घेतली. बाबांच्या काखेत हात घालून त्यांना बाजेवरून उठवलं आणि म्हणाला, "चाला मोठेबाबा. पांढऱ्याचा खांद मळाचा हाय."

बाबा सात वर्षांनी त्या गाडीत बसले, पुढच्या सीटवर. पाय उचलून आत घेताना त्यांना कष्ट पडले. मी धरायला पुढे झाले, पण चुलतभावानं तोवर धरलं होतं. गाडी फाटकातून निघाली आणि शेजारच्या आळीत वळली.

त्याचा गोठा आमच्या मागच्या भिंतीपलीकडेच आहे. थोड्या वेळानं तिकडून तुपाचा वास आला आणि बाबांचा आवाज आला, हळू, कानाशी बोलतात तसा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी ओठाचं रक्त पदरानं दाबून दारात उभी होते. मला कुणी या म्हटलं नाही.